नागरिकत्वावर प्रश्न आला तर : पहिल्या नोटिशीपासून उच्च न्यायालयापर्यंत

पोलीस ठाण्यातून ‘कागदपत्रं घेऊन या’ असा निरोप आला की माणूस सगळ्यात आधी आधार कार्ड शोधतो. मग रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, पॅन. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो ठाण्यात जातो आणि तिथे त्याला कळतं की यातल्या एकाही कागदाने एकट्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना हेच पुन्हा सांगितलं. हे कागद ओळख पटवण्यासाठी आणि सेवा मिळवण्यासाठी आहेत. नागरिक कोण, हे १९५५ चा नागरिकत्व कायदा ठरवतो.

पण पिशवीतले कागद अपुरे पडले म्हणून कुणी आपोआप परदेशी ठरत नाही. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडून थेट बांगलादेशात ढकललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना परत आणावं लागलं, कारण ते भारतीयच निघाले. त्यांना हवा होता तो थोडा वेळ, समोरचा आरोप काय आहे हे कळणं आणि ऐकून घेणारा कुणीतरी. या तीन गोष्टी मागायचा हक्क प्रत्येकाला आहे. तो कसा आणि कुठे मागायचा, ते या लेखात सांगतो. कायद्याच्या कामात राहून मी एक पाहिलंय: अशी प्रकरणं उच्च न्यायालयात हरण्याआधीच, पहिल्या पंधरा दिवसांत बिघडलेली असतात.

कलम १४ कुणासाठी आहे

राज्यघटनेतली कलमं १५, १६ आणि १९ नागरिकांना हक्क देतात. कलम १४ आणि २१ मध्ये मात्र शब्द ‘व्यक्ती’ असा आहे. भारताच्या हद्दीत असलेल्या कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढची समानता नाकारता येत नाही आणि कायद्याने ठरवलेल्या रीतीशिवाय तिचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका परदेशी मिशनऱ्याच्या प्रकरणात ही सीमा नेमकी आखली. परदेशी माणसाला भारतात कायम राहण्याचा हक्क नाही, पण कलम २१ चं संरक्षण आहे.

याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. ‘आधी नागरिक असल्याचं सिद्ध कर, मग हक्कांचं बोल’ असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. नागरिकत्वाचा वाद चालू असतानाही नोटीस मिळणं, कारणं कळणं आणि सुनावणी होणं हे हक्क तुमच्याजवळ असतात. पुढची सगळी पावलं याच जमिनीवर उभी आहेत.

पहिलं पाऊल : तुमची तारीख कोणत्या खान्यात पडते

भारतात जन्मलेल्यांसाठी नागरिकत्व कायद्याच्या कलम ३ मध्ये तीन खाने आहेत. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्म झाला असेल, तर आईवडील कोण हे बघितलंच जात नाही, परदेशी वकिलातीतल्या अधिकाऱ्याची मुलं असे मोजके अपवाद सोडले तर. १ जुलै १९८७ पासून ३ डिसेंबर २००४ च्या आधीपर्यंतच्या जन्माला आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय नागरिक असावा लागतो. त्यानंतरच्या जन्माला दोघंही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. परदेशात जन्मलेल्यांसाठी कलम ४ आहे. १० डिसेंबर १९९२ च्या आधी जन्मलेल्या मुलाला फक्त वडिलांकडूनच नागरिकत्व मिळायचं. आईकडूनही ते मिळण्यासाठी १९९२ ची दुरुस्ती व्हावी लागली. समानतेचं कलम घटनेत असूनही बेचाळीस वर्षं आईचं नागरिकत्व या बाबतीत मोजलं गेलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तारखेचं महत्त्व एका खटल्यातून चांगलं समजतं. नामग्याल डोलकर यांचा जन्म १९८६ मध्ये हिमाचलात, तिबेटी निर्वासित कुटुंबात झाला. त्यांना पासपोर्ट नाकारला गेला. २२ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांचा जन्म १९५० ते १९८७ च्या खान्यात येतो, त्यामुळे त्या जन्मानेच भारतीय आहेत. स्वतःला कुठे ‘तिबेटी’ म्हणवून घेतलं म्हणून ते नागरिकत्व जात नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. तिथे त्या काळात जन्मलेल्यांनाही हेच तत्त्व लागू होतं.

आता महाराष्ट्राची एक खास अडचण. आपल्याकडे कितीतरी जणांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. समजा एखाद्याचा जन्म श्रावणात, म्हणजे ऑगस्ट १९८७ मध्ये झाला आणि दाखल्यावर १ जून १९८७ पडलं. दोन-अडीच महिन्यांच्या फरकाने तो वेगळ्या खान्यात जातो! अशा वेळी सोयीची तारीख धरून बसू नका. नागरिकत्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दोन्ही तारखा दाखवा, फरक का पडला ते प्रतिज्ञापत्रात सांगा आणि आई किंवा वडील भारतीय असल्याचा पुरावा जोडा. म्हणजे कुठल्याही तारखेने तुम्ही उभे राहता.

दुसरं पाऊल : कागद कुठले आणि कुठून

लागणारा पुरावा दोन प्रकारचा असतो. एक, जन्माचं ठिकाण आणि वर्ष. दुसरा, तुम्हाला आईवडिलांशी जोडणारा दुवा. लोक पहिल्याच्या मागे धावतात आणि दुव्याकडे दुर्लक्ष करतात.

जन्माचा दाखला असेल तर उत्तमच. नसेल तर गावाची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, गाव नमुना १४, बघा. ती बहुतेक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. वही हातात आली की धीर धरावा लागतो. पानं पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या, आणि पुष्कळदा नोंदीत बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, ‘मुलगी’ एवढा शब्द आणि तारीख. फार जुनी नोंद मोडीतही सापडते. तिचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घेऊन सोबत लावावं. नाव नाही म्हणून ती नोंद टाकून देऊ नका. त्याच बापाच्या किती मुली, कोण कधी जन्मली, हे भावंडांच्या दाखल्यांशी ताडून बघितलं की नोंद नेमकी कुणाची ते उलगडतं. मग प्रमाणित नक्कल घ्या. झेरॉक्सवर भागत नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत जनरल रजिस्टरचा उतारा मागा, कारण दाखला नंतर लिहिलेला असतो आणि रजिस्टर प्रवेशाच्या दिवशीचं असतं. शेतजमीन असेल तर सातबारापेक्षा वारसाचा फेरफार जास्त कामाला येतो. त्यात आजोबा गेल्यावर कुणाकुणाची नावं लागली ते लिहिलेलं असतं आणि तोच दुवा बनतो. जुन्या मतदार यादीचा उतारा, वडिलांची पेन्शन बुक, गिरणीचं सेवापत्रक, सगळं चालतं. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला असेल तर त्याच्या खरेपणाबद्दल न्यायालय अनुकूल गृहीत धरू शकतं, म्हणून तो कुणाकडे आणि कसा जपला गेला तेही लिहून ठेवा.

बायकांचं प्रकरण यापेक्षा अवघड. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या फाईलमध्ये चार नावं होती: माहेरचं, शाळेतलं, लग्नात बदललेलं आणि रेशन कार्डावर कारकुनाने चुकवलेलं. माणूस एकच, आणि चार नावं एकमेकांना जोडणारा कागद एकही नाही. लग्नपत्रिका, लग्नाची नोंद, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, माहेरच्या गावाच्या ग्रामपंचायतीचा दाखला आणि भावाचं प्रतिज्ञापत्र असं एकेक जमवत आम्ही ती साखळी पूर्ण केली. आसाममधल्या विवाहित स्त्रियांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ग्रामपंचायत सचिवाचा दाखला, पडताळणीच्या अटीवर, दुवा म्हणून ग्राह्य धरला. दुसऱ्या गावात नांदायला गेल्यामुळे बाईचे कागद विखुरतात. त्याची शिक्षा तिला मिळता कामा नये, हा समानतेचाच मुद्दा आहे, आणि लेखी म्हणण्यात तो तसाच मांडावा.

उशिरा जन्मनोंद करायची असेल तर सावध राहा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापेक्षा जुन्या जन्माच्या नोंदीसाठी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. महाराष्ट्रात २०२५ मध्ये मालेगावसह अनेक ठिकाणच्या अशा नोंदींवर चौकशी लागली. एजंटाकडून मिळालेला ताजा दाखला तुम्हाला वाचवणार नाही, उलट अडकवेल. जुना अस्सल कागद अर्धवट असला तरी नव्या संशयास्पद कागदापेक्षा भारी.

तिसरं पाऊल : नोटिशीला लेखी उत्तर

परदेशी असल्याच्या आरोपात, नसल्याचं सिद्ध करायचा भार त्या व्यक्तीवर असतो. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यात तसं होतं आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायद्यातही आहे. पण तो भार कधी येतो, हे महत्त्वाचं. ११ जुलै २०२४ च्या रहीम अली निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकारजवळ आधी संशयाला आधार देणारी काही सामग्री हवी आणि ती त्या माणसाला दिली पाहिजे. नुसता ‘संशय आहे’ म्हणून कुणालाही उभं करून पुरावे मागता येत नाहीत. नावाच्या स्पेलिंगमधले किरकोळ फरक म्हणजे परदेशी असल्याचा पुरावा नव्हे, हेही त्याच निकालात आहे. ज्याचा तो खटला होता तो माणूस निकालाआधीच वारला होता. आपण परदेशी नाही, हे त्याला जिवंतपणी ऐकायला मिळालं नाही.

त्यामुळे पहिल्या उत्तरात चार वाक्यं असायलाच हवीत. माझ्यावर संशय नेमका कशावरून आला ते लेखी कळवावं. त्याला आधार असलेल्या कागदांच्या प्रती द्याव्यात. पुरावे गोळा करायला अमुक दिवसांची मुदत द्यावी. आणि निर्णयाआधी मला प्रत्यक्ष ऐकावं. उत्तर दोन प्रतींत करा, आवक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. कुणी घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. पुढे उच्च न्यायालयात ‘आम्ही संधी दिली होती’ असं सरकारी वकील म्हणाले, की हा शिक्काच बोलतो.

मतदार यादीबद्दल एक. यादीत नाव असणं हा अखेरचा पुरावा नाही, पण तो शून्यही नाही. दिल्ली आणि मुंबईतल्या मतदारांना सरसकट नोटिसा गेल्या तेव्हा, १९९५ च्या लालबाबू हुसेन निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधीच्या यादीत नाव आहे म्हणजे ते रीतसर तपासून घातलं असं धरून चालावं. काढायचं तर आधार सांगून, म्हणणं ऐकून काढावं. म्हणून जुना उतारा जोडाच.

तारखेला हजर राहा. आजारी असाल तर आदल्या दिवशी अर्ज द्या. एकतर्फी आदेश झाला की तो उलटवायला वर्षं जातात.

ताब्यात घेतलं असेल तर

इथे तास मोजायचे असतात. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेची कारणं सांगावी लागतात, वकिलाला भेटू द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कारणं लेखी आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. बंगाली मजुराच्या हातात मराठी कागद देऊन हे भागत नाही. माणूस कुठे ठेवलाय हेच कळत नसेल, तर कुटुंबातलं कुणीही उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे त्याला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका करू शकतं. सोबत एकच तातडीची मागणी हवी: सुनावणीपर्यंत देशाबाहेर पाठवू नये. सीमेपलीकडे गेलेल्या माणसाला परत आणणं किती कठीण असतं, ते त्या मजुरांच्या घरच्यांना विचारा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. फोन क्रमांक १५१००.

अर्ज नाकारला, ओसीआय किंवा पासपोर्ट रद्द झाला

नोंदणीचा किंवा देशीयकरणाचा, म्हणजे दीर्घ वास्तव्यावरून नागरिकत्व मागण्याचा, अर्ज फेटाळला तर नागरिकत्व कायद्याच्या कलम १५ प्रमाणे केंद्राकडे पुनरीक्षण आणि केंद्राच्याच आदेशाविरुद्ध कलम १५अ प्रमाणे पुनर्विलोकन मागता येतं. मुदत दोन्हीकडे ३० दिवस. याच कायद्याचं (राज्यघटनेचं नव्हे) कलम १४ म्हणतं की सरकारने कारणं द्यायची गरज नाही आणि निर्णय कोणत्याही न्यायालयात नेता येणार नाही. हे वाचून लोक हात टेकतात. पण १९९७ च्या चंद्रकुमार निकालाने उच्च न्यायालयांचा न्यायिक पुनर्विलोकनाचा अधिकार घटनेच्या मूळ चौकटीचा भाग ठरवला आहे. साध्या कायद्याने तो संपत नाही. नागरिकत्व मिळण्याचा हक्क अर्जदाराला नसतो हे खरं, पण अर्जाचा रीतसर विचार होण्याचा असतो. अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांचे अर्ज स्थानिक अधिकारी पुढे पाठवतच नव्हते, तेव्हा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाठवायला लावले आणि तोवर कुणाला हुसकावू नये असं बजावलं. उल्हासनगर किंवा नागपूरच्या एखाद्या सिंधी कुटुंबाचा अर्ज वर्षानुवर्षं धूळ खात असेल, तर ‘ठरावीक मुदतीत निर्णय द्या’ असा परमादेश, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावणारा न्यायालयाचा हुकूम, मागता येतो.

परदेशस्थ मराठी मंडळींसाठी: ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड, रद्द करण्याआधी ऐकून घेणं २०१९ पासून कलम ७ड मध्येच बंधनकारक आहे. स्वीडनमधले प्राध्यापक अशोक स्वैन यांचं कार्ड रद्द करणारा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये बाजूला ठेवला, कारण त्यात कारणंच नव्हती.

गोव्याची गाठ वेगळी. २० डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे ज्यांचा किंवा ज्यांच्या आईवडिलांचा वा आजीआजोबांचा जन्म झाला, ते १९६२ च्या आदेशाने भारतीय झाले. ज्यांनी महिनाभरात लेखी नकार दिला, तेवढे वगळून. पुढे अनेकांनी लिस्बनमध्ये जन्मनोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट घेतले. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीयत्व संपतं, आणि नियमांनुसार परदेशी पासपोर्ट हा त्याचा निर्णायक पुरावा. नियम कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्येच वैध ठरवला. पण तो निर्णय करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, ठाण्याचा किंवा पासपोर्ट खिडकीचा नाही. शिवाय १९६५ च्या अयूब खान निकालाप्रमाणे पासपोर्ट स्वेच्छेने घेतला नाही असं म्हणणाऱ्याची चौकशी व्हावी लागते. फक्त नोंद असेल आणि पासपोर्ट कधी घेतलाच नसेल, तर उत्तरात तो फरक ठळक मांडा. भारतीय पासपोर्ट रद्द झाला तर ३० दिवसांत अपील.

उच्च न्यायालयात काय मागायचं

राज्यघटनेच्या कलम २२६ ची याचिका, म्हणजे रिट, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये होते. ‘आधी पर्यायी उपाय वापरा’ असं म्हटलं जाईल. १९९८ च्या व्हर्लपूल निकालात त्याची उत्तरं आहेत: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसणं, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान.

आदेश हातात घ्या आणि त्यात काय नाही ते शोधा. मेनका गांधींचा पासपोर्ट १९७७ मध्ये ‘जनहितार्थ’ एवढंच सांगून जप्त झाला होता. १९७८ च्या निकालाने ती रीत मोडली आणि मनमानी म्हणजेच विषमता हे पक्कं केलं. डिसेंबर १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालाने सांगितलं की आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रातून भरता येत नाहीत. म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्याशिवाय याचिकेचा मसुदा पक्का करू नये.

कायद्यानेच भेद केलाय असं म्हणायचं असेल तर कसोटी दुहेरी आहे. गट कशावरून पाडला ते समजण्याजोगं हवं, आणि त्या फरकाचा कायद्याच्या हेतूशी संबंध हवा. १७ ऑक्टोबर २०२४ ला बांगलादेशातून आलेल्यांना नागरिकत्व देण्याबद्दलचं, नागरिकत्व कायद्यातलं आसामसाठीचं कलम ६अ चार विरुद्ध एक मताने वैध ठरलं, तेव्हा हाच प्रश्न होता: पश्चिम बंगालमध्ये जास्त लोक आले असताना आसामलाच वेगळा नियम का? सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी लिहिलं की कमी जमीन आणि कमी लोकसंख्येच्या आसामवर ४० लाखांचा भार बंगालवरच्या ५७ लाखांपेक्षा जड असू शकतो. अशा आकड्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावं लागतं. ‘अन्याय झाला’ एवढं पुरत नाही. धर्म आणि देश यांवर आधारलेल्या २०१९ च्या दुरुस्तीलाही (सीएए) याच कसोटीवर आव्हान दिलेलं आहे. माझं मत विचाराल तर छळातून पळून आलेल्याला आसरा देताना धर्म विचारणं या कसोटीवर टिकू नये.

एकट्यादुकट्याच्या प्रकरणात मात्र कायद्यालाच आव्हान देण्याच्या फंदात सहसा पडू नका. वर्षं जातात. प्रक्रियेचा भंग दाखवणं सोपं आणि लवकर फळ देणारं.

जिंकलात तरी न्यायालय बहुतेक वेळा तुम्हाला भारतीय घोषित करत नाही. वादग्रस्त वस्तुस्थिती रिटमध्ये तपासली जात नाही. आदेश रद्द होतो आणि प्रकरण फेरसुनावणीसाठी परत जातं. घरी निराशा होते, पण ही दुसरी सुनावणी पहिल्यासारखी नसते, कारण आता अधिकाऱ्याला कारणं लिहावी लागतात. तीच फाईल, त्याच प्रमाणित नकला आणि शिक्का मारलेली पोच घेऊन जा. अखेरचा निर्णय लागला की त्याच्या दोन प्रमाणित प्रती काढा. एक तुमच्या फाईलला. दुसरी मुलांच्या जन्मदाखल्यांसोबत ठेवा, कारण ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाचं नागरिकत्व आईवडिलांच्या नागरिकत्वावर उभं असतं आणि उद्या तोच प्रश्न त्याला विचारला जाऊ शकतो.